कृत्रिम घरटे

कृत्रिम घरटे (अन्य नावे : घरटेपेटी, पक्षीपेटी) म्हणजे पक्ष्यांना अंडी घालता यावीत व पिल्ले वाढवता यावीत, यासाठी माणसाने तयार करून टांगलेली किंवा भिंतीवर बसवलेली बंदिस्त पोकळी होय. ती लाकूड, मातीचे मडके, वाळवलेला भोपळा, बांबू, दगड अशा अनेक पदार्थांची असू शकते. नावात 'घरटे' असले तरी खरे घरटे पक्षी स्वतःच आत रचतो. माणूस देतो ती केवळ सुरक्षित जागा. महाराष्ट्रात कृत्रिम घरटी मुख्यतः चिमणीसाठी (शास्त्रीय नाव : पॅसर डोमेस्टिकस) केली जातात. घरगुती साहित्यातून सहज होणारी वस्तू म्हणून शाळांच्या कार्यानुभवाच्या तासात आणि सुट्टीतील शिबिरांतही ती बनवली जाते. मात्र प्रवेशछिद्राचे माप, पेटीची जागा आणि तिचा रंग यांत चूक झाली तर पेटी रिकामी राहते किंवा पिल्लांच्या जिवावर बेतते.

कोणत्या पक्ष्यांना उपयोगी

सर्वच पक्षी पेटीत राहत नाहीत. झाडाची ढोली, भिंतीतील भोक, कौलाखालची फट अशा झाकलेल्या जागी वीण करणारे पक्षीच पेटी स्वीकारतात. मराठवाड्यात नेहमी दिसणाऱ्या पक्ष्यांपैकी चिमणी, पीतकंठी चिमणी (रानचिमणी), साळुंकी, भांगपाडी मैना, दयाळ, वल्गुली, पोपट, पिंगळा आणि गव्हाणी घुबड हे या गटात मोडतात. सुगरण, शिंपी, शिंजीर (सूर्यपक्षी), बुलबुल हे पक्षी आपले घरटे विणतात, शिवतात किंवा फांदीच्या बेचक्यात रचतात. त्यांच्यासाठी पेटी टांगणे निरर्थक होय. त्यांना झाडे-झुडपे हवीत. होला उघड्या फळीवर चार काटक्या टाकून अंडी घालतो; त्याला कोपऱ्यातील साधी फळी पुरते.

बालकथेतील चिमणीचे घर मेणाचे असते. प्रत्यक्षातील चिमणी वाळके गवत, काथ्या, कापूस, पिसे, चिंध्या असे मिळेल ते पोकळीत कोंबते आणि मधोमध मऊ खळगा करते. भारतात तिची वीण जवळजवळ वर्षभर कोठे ना कोठे चालू असते. एका वेळी बहुधा तीन ते पाच अंडी असतात. ती उबवण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, आणि त्यानंतर आणखी साधारण दोन आठवड्यांनी पिल्ले बाहेर पडतात. मोठी चिमणी धान्य खात असली तरी लहान पिल्लांना ती प्रामुख्याने अळ्या व किडे भरवते. ही गोष्ट पुढे 'मर्यादा' या विभागात महत्त्वाची ठरते.

इतिहास

पक्ष्यांना घर देण्याची प्रथा जुनी आहे. तिचे हेतू मात्र निरनिराळे होते. नेदरलँड्सच्या प्रदेशात घराच्या भिंतीवर मातीची मडकी लावून त्यांत युरोपीय साळुंकीची (स्टारलिंग) पिल्ले वाढू देत, ती खाण्यासाठी. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी पोखरलेले भोपळे उंच टांगून जांभळ्या पाकोळ्यांना वस्तीजवळ बोलावत. तुर्कस्तानात उस्मानी काळातील मशिदी, मदरसे व पाणपोया यांच्या भिंतींवर सज्जे-घुमटांसह कोरलेले दगडी पक्षीमहाल आजही पाहावयास मिळतात. गुजरातेतील चबुतरा हा याच भावनेचा भारतीय आविष्कार होय. खांबावर उभारलेल्या या कोरीव मनोऱ्यात पक्ष्यांसाठी दाणे टाकले जातात.

निव्वळ संरक्षणाच्या हेतूने घरटी करण्याचा आरंभ युरोपात झाला. इंग्लंडमधील निसर्गप्रेमी चार्ल्स वॉटर्टन याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या यॉर्कशरमधील जागेत घुबडे व पाकोळ्या यांच्यासाठी निवारे बांधले. त्याच शतकाच्या अखेरीस जर्मनीतील हान्स फॉन बर्लेप्श याने सुताराने (सुतारपक्ष्याने) कोरलेल्या ढोलीची नक्कल करून लाकडी घरटी तयार केली.

उत्तर अमेरिकेतील अनुभव उलट्या बाजूने बोधप्रद आहे. तेथे चिमणी परकी. १८५० नंतरच्या काही वर्षांत ती न्यूयॉर्क परिसरात मुद्दाम आणून सोडली गेली, आणि पुढे तिने स्थानिक नीलपक्ष्यांच्या ढोल्या बळकावल्या. नीलपक्ष्यांसाठी तेथे रस्त्याकडेने व कुरणांतून पेट्यांच्या रांगा लावल्या जातात, आणि त्यांची राखण करणाऱ्यांना सर्वांत जास्त त्रास चिमणीचाच होतो. महाराष्ट्रात जिला बोलावण्यासाठी पेटी टांगतात, तिलाच तेथे पेटीतून बाहेर ठेवावे लागते.

महाराष्ट्रात या चळवळीला चालना मिळाली ती नाशिकचे मोहम्मद दिलावर आणि त्यांची नेचर फॉरएव्हर सोसायटी यांच्या कार्यामुळे. त्यांनी लाकडी घरटी व दाणापात्रे यांचा प्रसार केला. त्यांच्याच पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जाऊ लागला. त्याच वर्षी भारतीय टपाल खात्याने चिमणीचे तिकीट काढले. २०१२ साली चिमणी दिल्लीचा राज्यपक्षी घोषित झाली.

मराठवाड्यातील पार्श्वभूमी

लातूर, नांदेड व धाराशिव या जिल्ह्यांत पूर्वी कृत्रिम घरट्याची गरज भासत नव्हती, कारण राहते घरच ते काम करीत होते. येथील परंपरागत घर म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती व वर माळवद. लाकडी खांब व तुळया, त्यांवर खांडे व फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर अशी माळवदाची रचना असे. तुळईचे टोक भिंतीत शिरते तेथील फट, भिंतीतील कोनाडे व देवळ्या, उजेडासाठी छताला ठेवलेली सवणी, दारावरच्या चौकटीमागची पोकळी या सर्व ठिकाणी चिमण्यांची घरटी असत. गढीच्या पडक्या बुरुजात घुबडे, तर बारवेच्या दगडी सांध्यांत पारवे राहत. अंगणात ज्वारी पाखडली जाई, खळ्यावर मळणी होई, आणि सांडलेले दाणे पाखरांचे असत. देवळाच्या मंडपात किंवा ओसरीवर ज्वारी-बाजरीच्या कणसांची जुडी टांगण्याचा रिवाज अजूनही काही गावांत आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने हे घर कायमचे बदलले. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि माळवदाचा प्रचंड भार झोपेत असलेल्या माणसांवर कोसळला. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली; इतरत्रही लोकांनी माळवद उतरवून पत्रा किंवा सिमेंटचा स्लॅब घातला. चिमणीला आसरा देणारे घर माणसाला घातक ठरले होते, हे ध्यानात घेता जुन्या घरांविषयीच्या हळहळीला येथे मर्यादा आहे. माळवद पुन्हा आणता येणार नाही आणि आणूही नये. प्रश्न उरतो तो गुळगुळीत भिंतीच्या, फट नसलेल्या नव्या घरात पाखरासाठी चार-सहा इंचांची पोकळी कशी ठेवावी, एवढाच.

लातूर–बार्शी मार्गावरील मुरुड (ता. लातूर) हे भूकंपाच्या केंद्रापासून दूर असलेले गाव. पण अशा बाजारगावांतही वाडे पडून त्या जागी काँक्रीटच्या इमारती व सरकत्या काचेच्या खिडक्या आल्या. शिवारात खरीप व रब्बी ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. सोयाबीनचे दाणे चिमणीच्या उपयोगाचे नाहीत. पाण्याचीही टंचाई आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. या भागात घरट्याइतकेच महत्त्व उन्हाळ्यात पाण्याने भरलेल्या पसरट परळाला आहे.

बांधणी

चिमणीच्या लाकडी पेटीसाठी १५ सें.मी. रुंद, दीड सें.मी. जाड व सुमारे १४० सें.मी. लांब अशी एकच फळी पुरते. आंब्याच्या किंवा खोक्याच्या फळ्या चालतात. साग अधिक टिकतो. पातळ प्लायवूड एका पावसाळ्यात फुगते व पापुद्रे सुटतात. जाडी कमी असल्यास आतले तापमान झपाट्याने चढते, म्हणून दीड सें.मी.पेक्षा पातळ लाकूड घेऊ नये.

फळीचे पुढीलप्रमाणे तुकडे पाडावेत. पाठीसाठी ३५ सें.मी., दर्शनी बाजूसाठी २० सें.मी., छपरासाठी २२ सें.मी. आणि तळासाठी १२ सें.मी. दोन्ही बाजूंसाठी ४५ सें.मी.चा एक तुकडा घ्यावा व तो मधोमध तिरपा असा कापावा, की प्रत्येक बाजूची मागची कड २५ सें.मी. व पुढची कड २० सें.मी. राहील. या तिरप्या कापामुळे छपराला आपोआप उतार मिळतो. बाजू पाठीला ठोकताना पाठीची फळी वर व खाली पाच-पाच सें.मी. मोकळी ठेवावी, भिंतीवर पेटी अडकवण्यासाठी ती उपयोगी पडते. तळ दोन्ही बाजूंच्या मध्ये बसतो व आतील जमीन १२ × १५ सें.मी. होते. एवढ्या जागेत चार-पाच पिल्ले मावतात.

प्रवेशछिद्र हा पेटीचा प्राण होय. चिमणीसाठी ते ३२ मि.मी. व्यासाचे असावे. एवढ्या भोकातून चिमणी जाते, साळुंकी जात नाही. भोक थोडे मोठे झाले की साळुंकी, खार किंवा कावळ्याची चोच आत पोहोचते. हौसेने काढलेली मोठी 'दारे' हे पेट्या फसण्याचे नेहमीचे कारण आहे. गिरमिटाने भोक पाडून कड कानशीने व पॉलिश पेपरने गुळगुळीत करावी, म्हणजे पिसे अडकत नाहीत. भोकाची खालची कड दर्शनी फळीच्या तळापासून १४ सें.मी. उंचीवर घ्यावी. आतल्या बाजूने ती जमिनीपासून साडेबारा सें.मी. वर येते, आणि मांजराचा पंजा किंवा कावळ्याची चोच पिल्लांपर्यंत सहज पोहोचत नाही. खार भोक कुरतडून मोठे करीत असल्यास त्याभोवती पत्र्याची चकती ठोकावी.

भोकाखाली बसण्यासाठी काडी किंवा दांडी लावण्याची पद्धत चित्रांमुळे रूढ झाली आहे. चिमणीला तिची गरज नसते. शिकाऱ्याला मात्र ती पायरी मिळते. ती लावू नये. उलट, दर्शनी फळीची आतली बाजू खरवडून खडबडीत करावी, कारण बाहेर पडू पाहणाऱ्या पिल्लाला नखे रोवण्यास तीच उपयोगी पडते. तळाच्या चारही कोपऱ्यांत पाच मि.मी.ची भोके पाडावीत. त्यांतून पाणी निघून जाते. छपराखाली दोन्ही बाजूंस तशीच भोके हवा खेळण्यासाठी ठेवावीत. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जात असल्याने ही भोके वगळून चालत नाही. छप्पर मागच्या बाजूने बिजागरीने जोडावे व पुढे आकडीने बंद करावे. सफाईसाठी पेटी उघडता आली पाहिजे. आत गवत किंवा कापूस भरून ठेवण्याची आवश्यकता नाही. ते काम चिमणीचे आहे.

मडक्याचे घरटे अधिक सोपे व मराठवाड्याच्या हवेला अधिक मानवणारे असते. कुंभाराकडून लहान मडके आणून त्याच्या तोंडावर लाकडी झाकण बसवावे, झाकणात किंवा मडक्याच्या कुशीत योग्य मापाचे भोक ठेवावे व मडके आडवे बांधावे. भाजलेल्या मडक्याला भोक पाडताना तडा जातो, म्हणून मडके कच्चे असतानाच कुंभाराला माप देऊन भोक पाडून घेणे बरे. वाळवलेल्या कडू भोपळ्याच्या तुंब्याचेही सुरेख घरटे होते. बुटाचे खोके, पुठ्ठा हे साहित्य शाळेतील सरावापुरते ठीक. पावसात ते पिल्लांसह खाली येते. पत्र्याचा डबा व प्लॅस्टिकची बरणी उन्हात तापतात, त्यामुळे ती वर्ज्य मानावीत.

सजावट

घरटे सजवण्याची हौस स्वाभाविक आहे. मराठी घरात पाखराचे चित्र नवे नाही. तान्ह्या बाळाच्या पाळण्यावर कापडी चिमण्यांचे चिमणाळे टांगले जाते, मातीच्या भिंतींवर गेरू व चुन्याने पक्षी काढले जातात. परंतु रंगाची निवड पाखराच्या हिताची हवी. रंग फक्त बाहेरून द्यावा. पेटीच्या आत, भोकाच्या कडेला व छिद्राच्या जाडीत काहीही लावू नये, कारण पक्षी तेथे चोच घासतो व पिल्ले तेथेच अंग टेकतात.

मातट, फिकट रंग उत्तम. गेरू, पिवळी माती, चुन्याचा पातळ हात किंवा शेणामातीचा लेप यांनी पेटी भिंतीत मिसळते. लेपाने उष्णताही कमी शिरते. लाकूड टिकवण्यासाठी बाहेरून जवसाचे कच्चे तेल चोळून पेटी कित्येक दिवस उन्हात वाळवावी. पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, रांगोळीतील वेल, वारली पद्धतीच्या आकृत्या या पेटीच्या बाजूंवर शोभून दिसतात. काळा, गडद निळा, गडद लाल हे रंग ऊन शोषतात. पश्चिमेकडे तोंड असलेल्या काळ्या पेटीत एप्रिल महिन्यात पिल्ले अक्षरशः भाजून निघतात. चकचकीत रंग, आरसे व टिकल्या यांनी पेटी लांबून उठून दिसते, ती शिकरा व कावळा यांनाही.

तेलरंग वापरावाच लागला तर त्यात शिसे नसल्याची खात्री करावी. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम २०१६ मध्ये अधिसूचित झाला. घरात पडून असलेला जुना डबा या नियमाआधीचा असू शकतो. रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी टांगू नये. लोकर, रेशीम, झालर, मणी ओवलेले दोरे यांची सजावट दिसायला गोड असली तरी तीच सर्वांत घातक होय. सुटा धागा पिल्लाच्या पायाला गुंडाळतो, पाय वाढतो, धागा वाढत नाही. नायलॉनचा मांजा तर घरट्याच्या आसपासही असू नये.

जागा व टांगणी

पेटी जमिनीपासून अडीच ते चार मीटर उंचीवर, वळचणीखाली किंवा सज्जाखाली बसवावी. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला असावे. पश्चिमेकडून दुपारचे ऊन व नैऋत्येकडून पावसाची झड येते. पेटी हलती, झुलती नसावी; दोरीने लोंबकळणारी पेटी चिमणी क्वचितच पसंत करते. खोलीत किंवा ओसरीत पेटी लावताना छताच्या पंख्याची जागा आधी पाहावी. पंख्याच्या पात्याला धडकून मरणाऱ्या चिमण्या खेड्यापाड्यांत नेहमी आढळतात.

चिमण्या थव्याने राहतात, म्हणून एका भिंतीवर दोन-तीन पेट्या जवळजवळ चालतात. दाण्याचे ताट मात्र घरट्यापासून दूर असावे. तेथे जमणाऱ्या पाखरांच्या गोंगाटाने अंड्यांवर बसलेली मादी बिथरते आणि कावळ्यांचे लक्षही जाते. पेटी लावल्यावर पक्षी लगेच येईल असे नाही; कधी आठवड्यात, कधी वर्षभरानंतर येतो. वारंवार जागा बदलल्यास कधीच येत नाही.

देखभाल

अंडी किंवा लहान पिल्ले असताना पेटी उघडू नये. भीतीने पिल्ले वेळेआधी उडी मारतात. पिल्ले उडून गेल्यावर व पेटी काही दिवस रिकामी दिसल्यावर जुने गवत काढावे आणि आत उकळते पाणी ओतून पेटी उन्हात वाळवावी. त्याने पिसवा व गोचिडी मरतात. कीटकनाशक पूड टाकू नये. मराठवाड्यात लाल मुंग्यांचा उपद्रव मोठा आहे. त्या नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लांना मारतात. टांगणीच्या तारेला ग्रीसचा पट्टा लावल्याने त्यांची वाट अडते, मात्र ग्रीस पक्ष्याच्या पंखाला लागणार नाही एवढ्या अंतरावर असावे. रिकाम्या पेटीत गांधीलमाश्या पोळे करतात, पाली राहतात. वीण सुरू होण्यापूर्वी एकदा पाहणी करावी.

शेतीतील उपयोग

घुबडांसाठीच्या मोठ्या पेट्या उंदरांच्या बंदोबस्तासाठी वापरल्या जातात. इस्रायलमध्ये १९८०च्या दशकापासून शेतांत गव्हाणी घुबडांच्या पेट्या उभारण्यात आल्या, तर मलेशियात तेलताडाच्या मळ्यांत तसाच प्रयोग झाला. मराठवाड्यातील शेतकऱ्यालाही उंदीर परिचित आहेत. घुबडाला अशुभ मानून हाकलण्याची समजूत या उपायाच्या आड येते. शिवाय घुबडाच्या पेट्या असलेल्या शेतात उंदरांसाठी विष वापरणे टाळावे लागते, कारण विषारी उंदीर खाऊन घुबडेही मरतात.

मर्यादा व आक्षेप

चिमणी दिनाला वाटलेल्या पेट्यांची संख्या म्हणजे वाढलेल्या चिमण्यांची संख्या नव्हे. चिमणी देशभरातून नाहीशी होत आहे, हा समजही पूर्ण खरा नाही. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२० च्या अहवालानुसार तिची देशातील एकंदर संख्या गेल्या पंचवीस वर्षांत साधारण स्थिर आहे. घट दिसते ती मोठ्या शहरांत. मोबाइल मनोऱ्यांच्या लहरींमुळे चिमण्या गेल्या, असे वारंवार छापले जाते, पण त्याला निर्णायक पुरावा मिळालेला नाही.

पेटीमुळे जागेची उणीव भरते, अन्नाची नाही. पिल्लांना अळ्या लागतात, आणि अंगणात सिमेंट घातलेल्या, फवारणी केलेल्या परसात त्या मिळत नाहीत. मेंदी, शेवगा, लिंबू, बोर अशी देशी झाडे-झुडपे, थोडी मोकळी माती व पाणी असलेल्या घरी लावलेली साधी पेटीही भरते. तिसऱ्या मजल्याच्या ग्रिलवर टांगलेली रंगीत पेटी बहुधा शोभेचीच राहते.

कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील 'शिकार' या संज्ञेत वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे तसेच त्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे यांचाही समावेश होतो. घराची डागडुजी किंवा रंगकाम करताना वळचणीत अथवा पेटीत अंडी वा पिल्ले आढळल्यास, पिल्ले उडून जाईपर्यंत तेवढा भाग सोडून काम करणे योग्य होय. चिमणीच्या बाबतीत ही वाट पाहणे जास्तीत जास्त एका महिन्याचे असते.